गेल्या वर्षीचे अकरा सेकंद

जयपूरच्या वैशाली नगरात उन्हाळ्याची लू वाहायला लागली की आधी कुत्री गप्प होतात, मग भाजीवाले, आणि सगळ्यांत शेवटी मी. माझं गप्प होणं आमच्या गल्लीत हवामानाच्या अंदाजापेक्षा पक्कं मानतात. एरवी मी बोलायला लागले की समोरच्या बंगल्यातली माणसं खिडकीशी खुर्च्या ओढून बसतात. हे माझं म्हणणं आहे, त्यांना विचारायला जाऊ नका. पण मे अर्धा सरला, सकाळी अकरालाच रस्ता पांढरा दिसायला लागला, की माझ्या बोटांच्या टोकांना काही कळेनासं होतं. चहाचा कप गरम आहे की गार, ते ओठांना लावल्यावर समजतं. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड तपासा. तपासलं. माझं थायरॉइड माझ्यापेक्षा धडधाकट आहे.

यंदा गप्प राहायची सोय नव्हती. शेजारच्या कुलकर्ण्यांची शर्वरी दुपारी उन्हातून धावत आली. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे तिची मराठी दर चार पावलांवर हिंदीचा हात धरते.

"मावशी, मला न्यूज चॅनलमध्ये इंटर्नशिप मिळाली. दोन महिने. मतलब, तुम्ही पण केली होती ना, पुराने जमाने में? तर सांगा, पूरा फायदा कसा उठवायचा?"

पुराने जमाने में म्हणाली, तरी मी तिला पोहे दिले.

मग मी सुरू झाले. मी तिला सांगितलं की तेव्हाच्या जयपुरात टीव्हीच्या बातम्या दोन खांबांवर उभ्या होत्या, एक सरकार आणि दुसरी मी. म्हटलं, कुठल्याही कामाला नाही म्हणायचं नाही. रिकाम्या हातानं कुणाला दिसायचं नाही. काही नसलं तर एक कागद हातात धरून झपाझप चालायचं, लोक वाट सोडतात. जे काम कुणाला नको असतं ते आपण होऊन उचलायचं, दोन आठवड्यांत तुझ्यावाचून कुणाचं पान हलणार नाही. शर्वरी सगळं फोनवर टिपत होती. मला चेव चढत होता. आणि मग तिनं सहज विचारलं, "आणि गलती झाली तर?"

मी तिला आणखी पोहे वाढले.

ऐंशीचं दशक संपायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. विमा कंपनीनं बाबांना अकोल्याहून उचलून इथे आणून ठेवलं होतं. आमच्या घरापुढे रस्ता संपायचा आणि वाळू सुरू व्हायची. आंधी आली की आकाश तपकिरी व्हायचं, भांड्यांत, अंथरुणांत, दातांत वाळू. बाबा म्हणायचे, ही साठवली असती तर वर एक मजला चढला असता. आई त्या वाळूत सुपाएवढे झाडू झिजवायची आणि म्हणायची, "काहून आलो बाप्पा आपण इथं?" हा प्रश्न ती दर उन्हाळ्यात विचारायची, आणि दर उन्हाळ्यात बाबा पेपरात डोकं घालायचे. पाऊस लागोपाठ तिसऱ्या वर्षी आला नव्हता. नळाला एकदाच पाणी यायचं, तेही पहाटे, तेही रडत. गावांकडून माणसं जनावरं घेऊन शहराच्या कडेला उतरली होती. चारा-छावण्या लागल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात मी रोज स्वेटर घालून कामाला जायचे. खरं तर हातात घेऊन, पण सांगताना घालूनच सांगते. पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या वर्गातून दोघांची टीव्ही केंद्राच्या वृत्तविभागात दोन महिन्यांच्या शिकाऊ कामासाठी निवड झाली होती, आणि दुसऱ्याला पहिल्याच आठवड्यात कावीळ झाली. तेव्हा इंटर्न हा शब्द आमच्यापर्यंत पोचला नव्हता. कागदावर मी प्रशिक्षणार्थी होते, तोंडी 'वो लड़की'. बाहेर डांबर चपलेला धरून ठेवायचं आणि आत संपादनाची खोली म्हणजे हिमालय. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथे वातानुकूलन चालायचं. माणसांसाठी नव्हे, आम्हाला यंत्रांच्या आडोशानं गारवा मिळायचा. दोन टेपयंत्रं, दोन छोटे पडदे, एक गोल मूठ. मूठ फिरवली की माणसं पुढे चालत, उलटी फिरवली की मागे. प्यालेलं पाणी परत बादलीत जायचं. पहिल्या दिवशी मी हसून हसून खुर्चीवरून पडले होते. पंधराव्या दिवशी बोटांना मूठ लागत नव्हती, इतकी थंडी, आणि हसू यायचं बंद झालं होतं.

माझं काम टेपांच्या याद्या करायचं. कॅमेरावाला छावण्यांतून चित्रं घेऊन यायचा. कुठल्या सेकंदाला काय आहे ते मी लिहायचे. गाय बसलेली, सहा सेकंद. गाय बसलेली, चार सेकंद. बाई रांगेत, नऊ. गाय, उठत नाही, सात. पहिल्या दिवशी मी 'उठत नाही' लिहिताना पेन खाली ठेवलं होतं. नंतर 'उ.ना.' असं लिहायला लागले. जागा वाचायची.

वृत्तसंपादक चतुर्वेदीजी हा भला माणूस होता, फक्त त्यांना जगात एकच चिंता होती: पडद्यावर काय दाखवायचं. कुणी म्हणालं, जेवायला चला, तरी ते विचारतील, "विज़ुअल क्या है?" दोन महिन्यांच्या अखेरीस माझ्या प्रमाणपत्रावर शेरा त्यांचा असणार होता, आणि त्या शेऱ्यावर पुढची नोकरी. बाबांनी त्यासाठी भिंतीवर खिळा ठोकूनच ठेवला होता. आई म्हणायची, "आधी येऊ तर द्या ते कागूद." बाबा म्हणायचे, खिळा तयार असावा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी जीप सांगानेरच्या पुढे बंद पडली. कॅमेरा जीपमध्ये, जीप उन्हात, आणि संध्याकाळच्या बातम्यांत मदतकार्याची मोठी बातमी. शब्द होते, चित्र नव्हतं. चतुर्वेदीजी खोलीभर फिरत होते. "विज़ुअल कहाँ है? कोई बताएगा?" सगळ्यांना एकदम आपापल्या कागदांत काम सापडलं.

मी बोलले. जे काम कुणाला नको ते आपण होऊन उचलायचं. कपाटात गेल्या वर्षीच्या छावणीची टेप होती. यादी मीच नव्यानं केली होती, त्यामुळे मला पाठ होती. अकराशे सेकंदांत एक तुकडा होता अकरा सेकंदांचा. फिकट लाल साफा बांधलेला तरुण माणूस बादली धरून बैलाला पाणी पाजतोय. पाजता पाजता तो मान वर करतो, कॅमेरा बघतो, मनगटानं नाक पुसतो, आणि हसू यायच्या बेतात असतं तेवढ्यात चित्र संपतं. बाकी सगळी टेप 'उ.ना.' होती. हा एकटा उभा होता.

जुनं चित्र दाखवायचं तर एक रीत होती. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं 'फ़ाइल' असं लिहिलेलं होतं, ते दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर धरून चित्राच्या कोपऱ्यात उमटवायचं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, हे आजचं नव्हे. तो पुठ्ठा खणात होता. मी खण उघडला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही: मी विसरले नव्हते. मी पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि वाटलं, तो लावला की चित्र शिळं होईल. शिळ्या चित्राला कोण शाबासकी देणार? खण बंद केला.

बातमी गेली. चतुर्वेदीजी बाहेर येऊन म्हणाले, "अच्छा विज़ुअल था. किसने निकाला?" रात्री घरी मी ती गोष्ट अशी सांगितली की जीपच मी ढकलत आणली. बाबांनी ऑफिसातल्या अकरा जणांना सांगितलं. आईनं शिरा केला.

आठवड्यानं फाटकावरून फोन आला. टोंककडच्या एका गावातून कुणी म्हातारा आलाय, म्हणतोय, माझा मुलगा तुमच्या टीव्हीत आहे.

झालं होतं असं. गावच्या शाळेत पंचायतीचा टीव्ही. समोर साठ-सत्तर माणसं, चित्रात मुंग्या. त्यात म्हाताऱ्याला त्याचा हरलाल दिसला. हरलाल गेल्या दसऱ्याच्या आत कामाला म्हणून गुजरातकडे निघून गेला होता, आणि तेव्हापासून त्याचं पत्र नव्हतं, निरोप नव्हता, त्याला पाहिलेला माणूस नव्हता. आणि आता तो बातम्यांत होता, याच राज्यात, बादली धरून. म्हातारा सुनेला घेऊन दोन बसा बदलून आला होता. पास एकाच माणसाचा निघाला, म्हणून सून फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून होती.

चतुर्वेदीजींना मी खरं ते सांगितलं. म्हणजे चित्र जुनं आहे एवढं, पुठ्ठ्याचं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"बेटा, काग़ज़ पर कुछ नहीं आना चाहिए. मेरे नहीं, तुम्हारे भले को कह रहा हूँ. एक बार दिखा दो, चाय पिला दो, इज़्ज़त से विदा कर दो."

मी म्हाताऱ्याला आत घेऊन निघाले. उंच, वाळलेला माणूस. धोतर, अंगरखा, हातात जोडे काढून घेतलेले, कारण फरशी स्वच्छ होती. मी म्हटलं, घाला बाबा, चालतं. ते म्हणाले, "थाँकी मेहनत की जगह है, बाईसा." तुमच्या कष्टाची जागा आहे, म्हणे. इकडे लेकीबाळींना बाईसा म्हणतात. मग त्यांनी तेवढंच विचारलं, "यो कद को है?" कधीचं आहे हे.

आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, प्रत्येकीला झालर लावून. ही बिनझालरीची होती.

"हाल का है, बाबा."

खोलीत शिरल्याबरोबर ते कुडकुडायला लागले. मी माझा स्वेटर त्यांच्या खांद्यावर टाकला. जांभळा, आईनं विणलेला. तो पांघरून ते पडद्यासमोर बसले. मी मूठ फिरवली.

पहिल्या वेळी ते नुसते हसले. हरलालच्या तोंडावर जे हसू येता येता राहिलं होतं, ते इथे पुरं झालं. "वो ही है," म्हणाले. दुसऱ्या वेळी पुढे वाकले. तिसऱ्या वेळी त्यांची नजर मुलाच्या तोंडावरून सरकली आणि खाली बादलीवर आली, बादलीवरून बैलाच्या तोंडावर, तिथून कानावर.

"रोक दे, बाईसा."

मी चित्र थांबवलं. थांबवलेलं चित्र त्या यंत्रावर थरथरायचं. बैलाच्या डाव्या कानाला खाच होती, ती थरथरत होती.

"यो तो धोळो है म्हारो." धोळा म्हणजे पांढरा, बैलाचं नाव. त्यांनी बोट पडद्यावरच्या त्या कानाला लावलं. "भादवे में मर गयो यो. ईं के मरने के बाद ही तो छोरो गयो घर से."

बैल भाद्रपदात मेला. बैल मेला म्हणून शेत राहिलं, म्हणून मुलगा गेला. आणि पडद्यावर बैल पाणी पीत होता.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी आजपर्यंत त्या नजरेला राग म्हणून पाहिलंय, कीव म्हणून पाहिलंय, ज्याला सांगायचं त्याच्या सोयीनं. ती यातली कुठलीच नव्हती. मुलांनी परीक्षेत केलेली कॉपी पेपर तपासताना कळते आणि दिवसभर थकलेला मास्तर पुढचा पेपर घेतो, तसं काहीतरी.

तेवढ्यात दार उघडून चतुर्वेदीजींनी डोकं आत घातलं. "देख लिया, बाबा? तसल्ली हो गई?"

म्हातारा उठून उभा राहिला, हात जोडले. "हो गई, हुकम. छोरी ने बढ़िया दिखायो."

दार बंद झालं. ते परत बसले. "एक बार और चला दे, बाईसा. अबके बैल देखूँगा."

लोक मला विचारतात, मग तू रडलीस का? याची माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. एका गोष्टीत मी चतुर्वेदीजींच्या टेबलावर प्रमाणपत्र फेकून बाहेर पडते. ही मी बायकांच्या मंडळात सांगते. दुसरीत मी रात्रंदिवस फोन फिरवून हरलालला अहमदाबादेत शोधून काढते आणि तो दिवाळीला घरी येतो. ही लग्नाघरी फार चालते, एकदा तर नवरदेवाच्या काकांनी डोळे पुसले. तिसरी मी कुणाला सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. मला काहीही वाटलं नाही. त्या दिवशी कँटीनला कांदा कचोरी होती. मी दोन खाल्ल्या. दुसरी खाताना जीभ भाजली, आणि ते मला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. वाढवून सांगायची माझी सवय जगजाहीर आहे, पण शून्याला मी तरी कितीनं गुणणार? प्रमाणपत्र मिळालं. शेरा उत्तम होता: परिश्रमी, अडचणीच्या वेळी मार्ग काढणारी. खिळा सार्थकी लागला. पुढची नोकरी मिळाली, त्याच्या पुढचीही. हरलालचं काय झालं, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, आणि विचारायला पत्ताही मी लिहून घेतला नव्हता. अकरा सेकंदांची यादी करणाऱ्या मुलीला गावाचं नाव लिहून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

शर्वरी वाट बघत होती. पोहे संपले होते.

"गलती झाली तर," मी म्हणाले, "जाऊन सांगून टाकायचं. लगेच."

हे तिनं फोनवर टिपलं नाही. तिला वाटलं असावं, मावशी दमली. ती गेल्यावर मी दारात उभी राहिले. रस्ता पांढरा होता.

त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना फाटकापर्यंत मीच सोडायला गेले होते, कारण पास माझ्या सहीचा होता. हिमालयातून एकदम भट्टीत. म्हाताऱ्यांनी स्वेटर घडी करून माझ्या हातात दिला, बाह्या आत दुमडून, दुकानातल्यासारखी घडी. कडुलिंबाखाली सून उठून उभी राहिली. ओढणीचा घूंघट छातीपर्यंत. वय माझ्याएवढं असेल, किंवा कमीच. तिकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही, सासराही सुनेशी नाही. मध्ये कुणीतरी लागतं, एखादं पोर, एखादी शेजारीण. तिथे मी होते.

ती माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "बाईसा, बापूजी ने पूछो, वे ही हैं?"

सासरा तीन पावलांवर होता. त्याला ऐकू गेलंच होतं. तरी मी विचारलं, "बाबा, ये पूछ रही हैं, वही हैं क्या?"

त्यांनी माझ्याकडेच बघत उत्तर दिलं. "कह दो, वो ही है."

"वही हैं," मी तिला सांगितलं.

"कद को है?"

"बाबा, कब का है?"

"कह दो बाईसा, हाल का है."

माझेच शब्द. त्यांनी ते तसेच्या तसे मला परत दिले, स्वेटरसारखे, घडी करून. मी ते पुढे दिले. मग तिनं विचारलं, कुठे आहेत. ते म्हणाले, "कह दो, कैंप तो उठ गयो. आगे काम पर गयो है. चिट्ठी डालेगो." मीही तेच म्हणाले, चिट्ठी डालेंगे. एकेक वाक्य त्यांच्या तोंडून माझ्या तोंडात येत होतं आणि तिच्या घूंघटावर जाऊन थांबत होतं. घूंघट हलत नव्हता. तिला पटत नव्हतं. इतकी चांगली बातमी इतक्या सरळ येत नाही, हे तिला माहीत असावं. म्हातारा बसच्या दिशेनं बघत होता. आमच्यापाशी आता काही उरलं नव्हतं.

मग ती माझ्याशीच बोलली. हे सासऱ्यासाठी नव्हतं. "दुबळा हुया काँई?"

वाळलेत का.

टेपवरचा तो माणूस मला पाठ होता. मी काहीही सांगू शकले असते. धष्टपुष्ट आहेत, गाल वर आलेत, नवा साफा आहे. तोंडाशी आलंही होतं. मी गिळलं. थाप कशी उभी राहते हे मला कुणी शिकवायला नको होतं: तिला एक पाय लंगडा ठेवावा लागतो.

"थोड़े," मी म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

घूंघटाच्या आत एक लांब श्वास सुटला. "वे ठीक से खावे कोनी," ती म्हणाली, धड खातच नाहीत, अशा तक्रारीच्या सुरात, घरच्या माणसाविषयी बोलावं तसं, आणि तिनं खाली ठेवलेलं गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं.